दाढी, मास्क आणि सॉर्टेक्सची काच

आमच्या राइस मिलमध्ये धान ओतायचा हौद आहे. जमिनीत खोल, वर लोखंडी जाळी. कट्टा पाठीवरून आणायचा, सुतळी कापायची, तोंड खाली करून झटकायचा. धान खाली जातं, एलिव्हेटरच्या बादल्या ते वर उचलून नेतात आणि धुळीचा एक लोट कट्टा धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. एका कट्ट्याला एक लोट. एका माणसाने सीझनभरात असे किती लोट घेतले हे आमच्या वहीतून सहज काढता आलं असतं, कारण हमाली कट्ट्यावर मोजतात. वही रोज माझ्यासमोर असायची, पण त्या नजरेने मी ती कधी उघडली नाही.

गोंदियाला तांदळाचं शहर म्हणतात. जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण राइस मिली त्याच्या कितीतरी आधीच्या. दिवाळीनंतर धान येऊ लागतं आणि मग गावाबाहेरच्या रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लागतात. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा भुसा निघतो. उसना तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये तोच भुसा बॉयलरमध्ये जळतो आणि भुश्याच्या वजनाचा पुन्हा साधारण पाचवा हिस्सा राख उरते. या राखेत बहुतांश सिलिका असते. भुसा फार जास्त तापमानाला जळला तर त्यातली काही स्फटिकरूप होते, आणि फुप्फुसांना खरी भीती तिची असते. धानाच्या सालीवर बारीक कुसं असतात. ज्याने धान हाताळलंय त्याला मानेला सुटणारी खाज सांगायला नको. १९८४ मध्ये मलेशियातल्या काही डॉक्टरांनी तिथल्या मिल कामगारांना तपासलं आणि डोळे, कातडी, छाती यांच्या तक्रारींचा जो एकत्र संच त्यांना दिसला त्याला 'राइस मिलर्स सिंड्रोम' असं नाव दिलं. आमच्याकडे त्याला नाव नाही. 'धानाचं काम आहे, खोकला राहतेच' असं म्हणतात.

२०२० मध्ये सगळ्या जगाने मास्क लावला, तेव्हा मीही एन-९५ ची खोकी आणली. आणली करोनासाठी, पण लॉकडाऊनच्या रिकाम्या दुपारी त्याबद्दल वाचत गेलो, तेव्हा कळलं की हा मास्क मुळात धुळीत काम करणाऱ्यांसाठीच निघालेला आहे. आणि हेही कळलं, की तो दाढीवर चालत नाही.

हे 'चालत नाही' नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून निघतो. आपण श्वास आत ओढतो तेव्हा मास्कच्या आत हवेचा दाब किंचित कमी होतो. बाहेरची हवा आत यायला बघते आणि सोपी वाट धरते. मास्कचं कापड गच्च असतं, त्यातून येणं अवघड. मास्कची कड आणि गाल यांच्यात फट असेल तर तिथून येणं सोपं. दाढीचा एक केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड. फुप्फुसात खोल जाणारी धूळ चार-पाच मायक्रॉनची किंवा त्याहून बारीक. म्हणजे कडेखाली आलेला प्रत्येक केस या धुळीसाठी दरवाजा उचलून धरतो. 'दाढी म्हणजे गाळणीच की' असं मला अनेकांनी सांगितलंय. तिच्यात अडकतो तो मोठा कचरा, जो नाकातही अडकला असता. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने जुन्या अभ्यासांच्या आधारे म्हटलंय, की कडेखाली केस असले तर गळती वीसपट ते हजारपट वाढू शकते. ब्रिटनमधला सुरक्षा विभाग तर पाळी सुरू होण्याआधीच्या आठ तासांत केलेली दाढी मागतो. कालची खुंटंही नकोत.

लॉकडाऊनमध्ये माझीही दाढी वाढली होती. मी ती ठेवून, मास्क लावून दोन तास हौदापाशी उभा राहिलो आणि मग आरशासमोर मास्क काढला. नाकाच्या दोन्ही बाजूंनी आणि जबड्याच्या कडेने करड्या रेघा आत गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दाढी करून तेच केलं. गाल स्वच्छ. ही काही शास्त्रोक्त चाचणी नव्हे. ती डोक्यावर टोपडं घालून आत सॅकरिनचा फवारा मारून करतात, जिभेला गोड लागलं की मास्क नापास. पण मला आरसा पुरला.

मी पाटी लावली : हौद आणि बॉयलरची राख या दोन कामांना दाढी चालणार नाही.

दाढीवाले तिघे होते. शेलर चालवणारा पोरगा, ज्याची दाढी मोबाइलमध्ये बघून कोरलेली. तो म्हणाला, "सेठ, स्थळाले फोटो दाढीतलाच गेला आहे." पण दुसऱ्या दिवशी काढून आला. दुसरा बॉयलरवरचा. त्याने मुलीसाठी नवस बोलला होता, चैत्रात फिटणार होता. त्याने मुदत मागितली, मी दिली. तिसरे चाचा. मी शाळेत होतो तेव्हापासून ते आमच्याकडे हमाली करतात. पावसाळ्यात मला खांद्यावर घेऊन रेल्वेचं फाटक ओलांडून दिलेलं मला आठवतं. ते पाटीपाशी थोडा वेळ उभे राहिले. त्यांना वाचता येतं. मग ऑफिसात आले.

"बाबू, दाढी तं नाई काढत मी."

मी घाईघाईने म्हटलं, "तुमचं राहू द्या चाचा. तुम्हाला सूट आहे. गमछा बांधत जा."

त्या संध्याकाळी मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. नागपूरच्या एका मित्राला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, या दिवसांत असा विचार करणारे मालक किती. मीही ते मान्य केलं.

काय झालं होतं ते मला बऱ्याच उशिरा दिसलं. तिघांच्या दाढीच्या कारणांची मी प्रतवारी लावली होती, जशी आम्ही तांदळाची लावतो. धर्म पहिल्या नंबरचा, नवस दुसऱ्या, हौस तिसऱ्या. न्यायाधीश म्हणून ही प्रतवारी कदाचित टिकेलही. श्रद्धेचं ओझं आणि फॅशनचं ओझं सारखं नसतं. संविधानाने अनुच्छेद २५ आरशातल्या हौशीसाठी लिहिलेला नाही. पण मी न्यायाधीश नव्हतो. धूळ माझ्या मिलची होती, आणि ती प्रतवारी बघत नाही. पहिल्या नंबरच्या कारणाला मी पहिल्या नंबरचं संरक्षण द्यायला हवं होतं. दिली फक्त सूट. सर्वांत भारी कारण असलेल्या माणसाला सर्वांत हलकी वस्तू मिळाली, सुती गमछा. आणि या व्यवहाराला मी मनात 'आदर' असं नाव दिलं होतं.

आपल्याकडे दाढीवरचे जे वाद कोर्टात गेले ते बहुतेक गणवेशाचे. हवाई दलातल्या एका जवानाला दाढीवरून २००८ मध्ये काढलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ते कायम ठेवलं. आपल्याच राज्य राखीव पोलीस दलातल्या एका शिपायाची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहानुभूतीने एक मधला मार्ग सुचवला, तो त्याला पटला नाही. या खटल्यांत एका बाजूला श्रद्धा असते आणि दुसऱ्या बाजूला शिस्त. शिस्त ही बघणाऱ्यासाठी असते. सगळे सारखे दिसले पाहिजेत, असं कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि ठरवलेलं बदलता येतं. मास्कच्या कडेचं तसं नाही. तिथे ठरवणारा कुणी नाही. म्हणून 'धार्मिक स्वातंत्र्य की नियम' ही आपली तोंडपाठ झालेली चर्चा मिलच्या दारात आणली की ती लंगडते. चाचांचं स्वातंत्र्य मी राखलं, एवढं म्हणून काम संपत नव्हतं. श्वास तर त्यांना घ्यायचाच होता.

मग हेल्मेटचं उदाहरण आठवतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडीधारी शिखांना हेल्मेटमधून सूट आहे. तीही सूटच, आणि डांबरी रस्ता ती मानत नाही. तरी मला ती सूट समजते. आपल्या गाडीवर, आपल्या रस्त्याने, आपल्या मर्जीने जाणारा माणूस आपली जोखीम आपण घेतो. पण समजा रस्त्यावर तेल मीच ओतलं असेल, तर? तेव्हा 'पगडी तुझा अधिकार आहे बाबा' असं म्हणून मला मोकळं होता येईल का?

कॉलेजात मी जॉन स्टुअर्ट मिल वाचला होता (वडील म्हणायचे, एक मिल आहे ती चालव, दुसरी कशाला वाचतो). १८५९ च्या त्या पुस्तकातला विचार मला तेव्हा फार आवडला होता. ज्या कृतीने फक्त स्वतःचंच नुकसान होतं तिथे दुसऱ्याने दटावू नये, समजावावं. चाचांच्या बाबतीत मी तेच तत्त्व लावत होतो. पण ते लावायला दोन गोष्टी लागतात : नुकसान माणसाने स्वतः निवडलेलं असावं, आणि समोर दुसरी वाट खुली असावी. चाचांपुढे वाटा किती होत्या? दाढी काढा, नाहीतर धूळ खा, नाहीतर गेटवर बसा. गेटवर पगार बांधलेला, हमालीपेक्षा कमी. दाढीवाल्याला 'कमी धुळीच्या कामावर' हलवणं कागदावर फार समंजस दिसतं. प्रत्यक्षात तो दर महिन्याचा दंड असतो.

कट्ट्यावर मजुरी असली की आणखी एक गोष्ट होते, जी मास्क विकणारे सांगत नाहीत. गच्च बसलेल्या मास्कमधून श्वास ओढायला जोर लागतो. चाळीस किलो पाठीवर असताना तो जोर कळतो. गुळगुळीत गालांची पोरंही तासाभराने मास्क हनुवटीवर ओढायची, नाहीतर कट्टे कमी भरायचे. म्हणजे दाढी न ठेवणाऱ्यांचं संरक्षणही बरंचसं माझ्या मनातच होतं. चाचांच्या दाढीवर माझं लक्ष होतं तोवर हे दिसलं नाही.

दाढीबद्दल मी एवढा सैल का बोलू शकलो, याचाही विचार करतो. मी माझी दाढी एका सकाळी काढली, पंधरा मिनिटं लागली, काही गेलं नाही. वडील गेले तेव्हा मात्र दहाव्याला नदीवर न्हाव्यासमोर बसलो होतो. डोकं, मिशी सगळं उतरलं. घरी आल्यावर आरशातला माणूस ओळखू येईना आणि आता वडील नाहीत हे तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं. म्हणजे केसांना अर्थ असतो हे मलाही ठाऊक होतं. तसं मुंडण उद्या कुणी पगारासाठी मागितलं असतं तर? सगळ्यांना एकच नियम लावला म्हणजे सगळ्यांना सारखीच किंमत पडते असं नाही.

मॉन्ट्रियलमध्ये २०२० साली दोन शीख डॉक्टर भावांनी करोनाच्या रुग्णांना तपासता यावं म्हणून आपल्या दाढ्या काढल्या. जगभर कौतुक झालं. ते योग्यच होतं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या काही शीख डॉक्टरांनी वेगळंच केलं. दाढी नीट बांधायच्या आपल्या जुन्या पद्धतीवरून त्यांनी रबराची ताणली जाणारी पट्टी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधली आणि तिच्यावर मास्क बसवला. कड केसांवर टेकतच नाही, गुळगुळीत रबरावर टेकते. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात सत्तावीसपैकी पंचवीसजण चव-चाचणीत उत्तीर्ण झाले. याला त्यांनी 'सिंग ठाठा' पद्धत म्हटलं. पहिल्या गोष्टीत माणूस वस्तूसाठी बदलला आणि आपण टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या गोष्टीत वस्तूच माणसासाठी बदलली. ती फारशी कुणाला माहीत नाही. गोंदियाच्या मे महिन्यात गालांवर रबर बांधून हमाली करता येईल असं मला वाटत नाही, ते वेगळं.

दाढीवाल्यांसाठी बाजारात एक सरळ उत्तर आहे. कमरेला बॅटरीवर चालणारा छोटा पंखा, तो हवा गाळून नळीने डोक्यावरच्या सैल टोपडयात सोडतो. आत सतत हवा येत असल्याने धूळ बाहेर ढकलली जाते, गालाला चिकटायची गरज नाही, श्वास ओढायला जोर नाही, वर वारा लागतो. अमेरिकी नियमांच्या हिशोबात नीट बसवलेला साधा अर्धा मास्क धूळ दहापट कमी करतो असं धरतात आणि हे सैल टोपडं पंचवीसपट. म्हणजे दाढीवाल्यासाठीचा पर्याय बिनदाढीवाल्याच्या पर्यायापेक्षा सरस. मी भाव विचारला. आकडा ऐकून 'कळवतो' म्हटलं आणि कळवलं नाही.

चाचांनी मात्र काही मागितलं होतं. पाटीच्या दिवशीच, सूट मिळाल्यावर, दारातून वळून ते म्हणाले होते, "हौदावर मागून पत्रा लावून देजा जी, अन् एक ओढता पंखा. अन् कट्टा वरून झटकाले नका सांगू, खाली टेकवून सोडला तं उडत नाई." सुरक्षेच्या कोणत्याही पुस्तकात हेच पहिल्या पानावर असतं. धूळ जिथे निघते तिथेच धरा; मास्क सगळ्यात शेवटी, बाकी काहीच जमलं नाही तर. कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम १४ हेच सांगत आलं होतं, धुळीच्या उगमाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ हवा ओढून घेणारं यंत्र लावा. मी म्हणालो, "पुढच्या सीझनला पाहू." कट्टा खाली टेकवून सोडला तर वेळ लागतो.

पुढच्या सीझनला आम्ही सॉर्टेक्स घेतलं. तांदळातला काळा, पिवळा दाणा कॅमेऱ्याने ओळखून हवेच्या फुंकरीने बाजूला उडवणारं यंत्र. ते बसवायला आलेला इंजिनियर मिलमध्ये एक चक्कर मारून म्हणाला, या धुळीत हे चालणार नाही. कॅमेऱ्यापुढच्या काचेवर थर बसेल, दाणे चुकतील. त्याला वेगळी बंद खोली हवी होती, थंड केलेली, आणि फुंकरीसाठी कोरडी, गाळलेली हवा. एक महिन्याच्या आत सगळं झालं. भिंती, काचेचं दार, एसी, हवेचे फिल्टर. दाराबाहेर चपला काढायची पाटीसुद्धा मीच लावली. खर्चाची बैठक अर्ध्या तासात संपली होती.

मला तेव्हाही काही सुचलं नाही. एका दुपारी लाइन बंद होती, चाचा त्या काचेच्या दारापाशी उभे राहून आत बघत होते. गमछा गळ्यात, दाढी करडी झालेली. वयाने किती आणि धानाने किती ते सांगता येत नव्हतं. "गार आहे आत," एवढंच म्हणाले. त्यांनी त्यात काही टोमणा घातला नव्हता. मी घरी गेल्यावर जेवलो नाही.

त्या यंत्राला आम्ही काच बदल असं म्हटलं नव्हतं. म्हणू शकलो नसतो, त्याला दुसरी काच नव्हती. हवा बदलावी लागली. माणसाला मात्र वाकता येतं. तो गमछा बांधतो, खोकतो, दाढी काढतो, मुदत मागतो, आणि असा वाकतो म्हणून त्याच्याभोवतीची हवा तशीच ठेवता येते. चाचा एका गोष्टीत वाकले नाहीत. तेवढ्यानेच प्रश्न हवेकडे वळला होता, चांगला स्पष्ट वळला होता. सूट देऊन तो मी पुन्हा त्यांच्या चेहऱ्याकडे वळवला. दाढी मुळातच कुणी ठेवत नसतं तर हौदावरच्या धुळीचा विचार मी कधी केला असता, असं मला वाटत नाही. मास्कची खोकी वाटली असती आणि झोपलो असतो.

चाचांना आता दम लागतो. डॉक्टरने पहिला प्रश्न बिडीचा विचारला आणि चाचा बिडी ओढायचे, ते मी नाकारत नाही. बिडीही याच जिल्ह्याची. त्यांच्या छातीतलं किती बिडीचं आणि किती आमच्या हौदाचं हे कोणतीही तपासणी वेगळं करून देणार नाही. ही न कळण्याची जागा मला फार सोयीची आहे, आणि मी तिथे बरेचदा जाऊन बसतो. चाचा गेटवर असतात, ट्रकांचे नंबर लिहितात. फरकाची रक्कम मी देतो. ती घेताना ते दर वेळी विचारतात की ही कशाची.

हौदाला मागच्या दिवाळीआधी तीन बाजूंनी पत्रा आणि वर ओढणारा पंखा बसला, धूळ बाहेर सायक्लोनमध्ये जाते. राख काढायला बॅटरीचं टोपडं एक घेतलं; ते नवसवाला वापरतो. नवस फिटला तरी त्याने दाढी ठेवली आहे, म्हणतो सवय झाली. शेलरवरच्या पोराचं लग्न झालं, त्यानेही पुन्हा वाढवली. पाटी काढून टाकली आहे. मास्क अजून आहेत, ज्यांना बसतात त्यांच्यासाठी.

पंखा पहिल्यांदा सुरू केला त्या दिवशी चाचांना बोलावलं. हौदावर त्यांच्या जागी आता त्यांचा पुतण्या असतो, कोवळी दाढी असलेला. त्याने कट्टा टेकवून सोडला. चाचांनी पत्र्याच्या फटीपाशी हात धरून पाहिला, मग गमछ्याचं टोक धरलं. ते आत ओढलं गेलं. खर्च किती आला विचारलं. मी सांगितला. ते ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत राहिले, बहुधा कट्ट्यांत. मग हौदाच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट केलं, जिथे पत्रा जाळीला टेकत नव्हता.

"इकून येऊनच राहिली अजून."

फिटर सोमवारी येतो म्हणाला आहे.